अवधची मृगया : हरणाच्या शिकारीचे तंत्र आणि त्याची कथने

अठराव्या शतकाच्या नवव्या दशकात हिवाळा लागला की लखनौ शहराचा एक मोठा भाग शहर सोडून चालू लागे. नवाब वजीर आसफउद्दौला (कारकीर्द १७७५–१७९७) साधारणतः डिसेंबरच्या प्रारंभी शिकारीसाठी कूच करी आणि मार्चच्या सुरुवातीला ऊन तापू लागेपर्यंत उत्तरेकडील पहाडांच्या रोखाने मुक्काम हलवीत राही. त्याच्याबरोबर दरबार असे, लष्कर असे, तोफा, शेकडो हत्ती आणि या साऱ्यांना पोसणारा फिरता बाजार असे. या लवाजम्यात वेगवेगळ्या प्रसंगी दोन लेखक सामील झाले होते. एक मीर तकी मीर. दिल्लीची वाताहत पाहून १७८२ मध्ये नवाबाच्या निमंत्रणावरून तो लखनौस आला होता आणि उर्दू गझलेतील त्याचे श्रेष्ठत्व तेव्हाच निर्विवाद ठरले होते. दुसरा विल्यम ब्लेन. १७८५ व १७८६ मधील नवाबाच्या शिकारमोहिमांत तो सहभागी झाला आणि त्याने लिहिलेला वृत्तान्त १७८८ मध्ये लंडनमध्ये एका शिकारविषयक ग्रंथाला जोडून छापला गेला. मीरने या मोहिमांवर ‘शिकारनामा’ या नावाच्या मसनव्या रचल्या. एकाच नवाबाच्या, एकाच दशकातील शिकारीची अशी दोन भाषांतील, दोन वाङ्मयप्रकारांतील कथने उपलब्ध असणे ही तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने दुर्मिळ गोष्ट आहे.

मृगयेच्या वाङ्मयाचा विचार करताना सामान्यतः तिच्या रूपकांकडे लक्ष दिले जाते. शिकारी आणि सावज म्हणजे प्रियकर आणि प्रेयसी, काळ आणि जीव, राजा आणि राज्य. त्यामागील प्रत्यक्ष तंत्र मात्र वाङ्मयबाह्य मानून बाजूला ठेवले जाते. वाऱ्याची दिशा कशी पाहावी, कळपाजवळ कसे सरकावे, जाळे कोठे लावावे, हे ज्ञान ग्रंथांतही आले आहे. परंतु ते कोणाच्या नावावर आले आणि कोणाच्या हातून चालले, यांत मोठे अंतर आहे. या अंतराचा शोध घेण्यासाठी अवध हा प्रदेश विशेष उपयुक्त ठरतो. संस्कृत, फारसी, उर्दू आणि इंग्रजी अशा चार परंपरांचे मृगयाकथन तेथे एकमेकांना भिडते. मराठीशी असलेला त्याचा धागाही वाटतो त्याहून जवळचा आहे.

प्रथम शब्दांकडे पाहणे आवश्यक आहे, कारण ‘हरीण’ या शब्दानेच घोटाळ्यास सुरुवात होते. संस्कृतातील ‘मृग’ हा शब्द मुळात वन्य पशूचा वाचक. सिंहाला ‘मृगेंद्र’ म्हणतात ते यामुळेच. पुढे तो हरणापुरता संकोचला. शिकारीचे नाव ‘मृगया’ हे मात्र टिकून राहिले आणि त्यामुळे कोणतीही शिकार म्हणजे मुळात हरणाची शिकार असा एक अध्याहृत अर्थ भाषेत रुजला. मराठीत ‘मृगया’ हा ग्रांथिक, ‘शिकार’ हा फारसीतून आलेला आणि ‘पारध’ हा प्राकृत ‘पारद्धि’शी नाते सांगणारा, असे तीन शब्द शेजारी नांदतात. संस्कृत ग्रंथकारांनी या प्राकृत शब्दाचे ‘पापर्द्धि’, म्हणजे पापाची वृद्धी, असे संस्कृतीकरण करून टाकले. व्युत्पत्ती म्हणून ते टिकत नाही, परंतु नैतिक अभिप्राय म्हणून बोलके आहे. राजा करतो ती मृगया, सरदार करतो ती शिकार आणि पारधी करतो ती पारध, अशी शब्दांची उतरंडही आपोआप लागते.

प्राणिशास्त्राच्या दृष्टीनेही भेद करावा लागतो. चितळ, सांबर, पाढा, बारशिंगा यांची शिंगे भरीव, फाटे फुटलेली असतात आणि ती ठरावीक काळाने गळून नव्याने येतात. काळवीट, चिंकारा, नीलगाय यांची शिंगे पोकळ आणि आयुष्यभराची. पहिला गट झाडी, दलदल आणि उंच गवताचा रहिवासी, तर दुसरा मोकळ्या माळाचा. अवधमध्ये हे दोन्ही प्रदेश होते. लखनौच्या आसपासच्या नापीक ऊसर जमिनींवर काळविटांचे कळप चरत आणि उत्तरेकडे, घाघरा नदीपलीकडील तराईच्या गवताळ पट्ट्यांत पाढा व बारशिंगा यांचे वास्तव्य असे. शिकारीचे तंत्र प्रामुख्याने या भेदावर आधारलेले होते. मोकळ्या माळावर सावजाला दुरूनच सारे दिसते. तेथे लपण्यासाठी आडोसा निर्माण करावा लागतो किंवा वेगाने मात करावी लागते. उंच गवतात सावज दिसतच नाही. तेथे त्याला उठवून बाहेर काढावे लागते आणि त्यासाठी हत्तींची रांग हाच उपाय. डिसेंबर ते मार्च हा हंगामही मनमानी नव्हता. पावसाळ्यानंतरची तराई हिवतापाने ग्रासलेली असे. थंडीत तो ओसरे, नद्यांचे उतार सापडत, गवत वाळू लागे.

मोकळ्या माळावरील शिकारीचे सर्वांत तपशीलवार विवेचन अबुल फज्लच्या ‘आईन-ए-अकबरी’त आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध झालेल्या या ग्रंथात महसूल, टाकसाळ आणि तोफखाना यांच्याच बरोबरीने शिकारीलाही स्थान मिळाले, कारण ती राज्ययंत्रणेचाच भाग होती. चित्त्याकरवी हरीण धरण्याच्या तीन रीती अबुल फज्ल नावानिशी सांगतो. ‘उपरघटी’त हरीण दृष्टीस पडताच चित्त्याला जागेवरून सरळ सोडतात. ‘रिघनी’त त्याला लपवून हरीण दुरून दाखवतात आणि मग गळपट्टा काढतात. पुढे एका आडोशाकडून दुसऱ्या आडोशाकडे झेपावत जाण्याचे काम चित्त्याचे. ‘मुहारी’ ही रीत सर्वांत चतुर. वारा चित्त्याकडे वाहील अशा ठिकाणी त्याला दबा धरून बसवायचे आणि गाडी उलट दिशेने हाकायची. हरणांचे लक्ष दूर जाणाऱ्या गाडीकडे वेधले जाते, त्यांचा गोंधळ उडतो आणि तेवढ्यात चित्ता त्यांना गाठतो. या तिन्ही रीतींच्या मुळाशी एकच निरीक्षण आहे : हरीण धोका ओळखते ते गंधाने आणि अनोळखी हालचालीने. ओळखीच्या वस्तूला ते भीत नाही. शेतावर रोज जा-ये करणारी बैलगाडी काळविटाच्या परिचयाची असते, म्हणूनच चित्ता घोड्यावरून नव्हे तर गाडीवरून नेला जाई. डोळ्यांवर टोपी चढवलेला चित्ता गाडीत शांत बसे. गाडी कळपाच्या रोखाने सरळ न जाता वळसे घेत जवळ येई. झेप चुकली तर चित्ता दूरवर पाठलाग करीत नसे, कारण त्याचा दम काही शे पावलांचाच. म्हणून अंतराचा अंदाज हे चित्तेवानाचे खरे कसब होते. शिकार साधली की सावजाचे रक्त लाकडी पळीत घेऊन चित्त्याला पाजायचे आणि त्या क्षणात पुन्हा टोपी चढवायची. हा विधी न जमणारा माणूस चित्ता गमावून बसे.

अबुल फज्ल आणखी एक रीत सांगतो, ती म्हणजे हरणाकरवी हरणाची शिकार. पाळलेल्या नराच्या शिंगांना जाळे बांधून त्याला रानातील नरासमोर सोडतात. दोघे झुंजू लागले की रानातील नराचे शिंग, पाय किंवा कान जाळ्यात अडकतो आणि लपून बसलेली माणसे धावत जाऊन त्याला धरतात. जाळे तुटले किंवा पाळीव नर दमला तर तो आपणहून राखणदाराकडे परत येतो. मग नवे जाळे बांधायचे किंवा दुसरा ताजा नर सोडायचा. आधुनिक प्राणिवर्तनशास्त्र या रीतीचे कारण सहज सांगू शकते. नर काळवीट माजाच्या काळात स्वतःची हद्द राखतो आणि तीत शिरलेल्या दुसऱ्या नराला आव्हान दिल्यावाचून राहत नाही. पळून जाण्याचा त्याचा नेहमीचा स्वभाव त्या वेळी निकामी होतो. ज्याने हे तंत्र प्रथम योजले त्याला हे शास्त्र ठाऊक असण्याची गरज नव्हती, परंतु वर्षानुवर्षे माळावर बसून कळप न्याहाळल्याखेरीज ते सुचणेही शक्य नव्हते. याच प्रकरणात अबुल फज्ल एका हरणाची हकीकत नोंदवतो. अलाहाबादेहून पळालेले हे हरीण नद्या आणि मैदाने ओलांडून पंजाबात आपल्या जुन्या राखणदारापाशी परत गेले. ग्रंथकाराने ती बादशाही शिकारखान्याचे नवल म्हणून सांगितली आहे. प्रत्यक्षात तिचा नायक तो अनाम राखणदार आहे.

जहांगीरच्या आठवणींत मन्सराज नावाच्या अशाच एका हरणाचा उल्लेख येतो. पाळीव हरणांशी झुंजण्यात आणि रानटी हरणांना धरून देण्यात तो अद्वितीय होता. तो मेला तेव्हा, १६०७ मध्ये, लाहोरजवळील जहांगीरपुरा येथे, म्हणजे आजच्या शेखूपुऱ्यात, त्याच्या थडग्यावर शिलालेख कोरविण्यात आला आणि त्या परिसरात हरीण मारण्यास मनाई करण्यात आली. तेथील हिरण मीनार या वास्तूचे नाव त्या आठवणीशी जोडलेले आहे. हजारो हरणे मारणाऱ्या राजवंशाने एका हरणासाठी बांधलेले हे स्मारक भावविवशतेचे उदाहरण म्हणून सांगितले जाते. परंतु मन्सराज हा सावज नव्हता. तो शिकारखान्याचा नोकर होता आणि नोकरीत मेलेल्या नोकराचा मान त्याला मिळाला. ज्यांनी त्याला शिकविले त्यांच्या थडग्यांची नोंद ठेवण्याचे कोणाच्या मनात आले नाही.

संस्कृत परंपरेतही मृगयेचे शास्त्र आहे आणि त्याचे एक टोक मराठी भाषकांच्या प्रदेशात आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा (कारकीर्द ११२६–११३८) याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये मृगयेचे सविस्तर प्रकरण येते. मराठीच्या इतिहासकारांना हा ग्रंथ परिचित आहे तो त्यातील संगीतविषयक भागात आलेल्या जुन्या मराठी पंक्तींमुळे. मृगयेच्या प्रकरणाकडे त्या मानाने दुर्लक्षच झाले. हिमालयाच्या बाजूला, सोळाव्या शतकात, कुमाऊंचा राजा रुद्रदेव याने ‘श्यैनिकशास्त्र’ लिहिले. त्याचा मुख्य विषय ससाण्याची शिकार हा असला तरी मृगयेचे आठ प्रकार तो सांगतो. घोड्यावरून, जाळ्याने, मागावरून, कुत्र्यांच्या मदतीने, ससाण्याकरवी अशी ती विभागणी आहे. हे दोन्ही ग्रंथ राजांच्या नावावर आहेत आणि ही गोष्ट आकस्मिक नव्हे. मृगया हे व्यसन की व्यायाम, हा वाद राजनीतीत जुना आहे. कौटिल्याने द्यूताच्या तुलनेत मृगया बरी ठरवताना शरीराला होणारा व्यायाम, चल आणि स्थिर लक्ष्याचा सराव आणि पशूंच्या चित्तवृत्तीचे ज्ञान ही कारणे दिली. कालिदासाच्या ‘शाकुंतला’त सेनापती जवळजवळ हीच बाजू मांडतो, परंतु त्याआधीच आश्रमाच्या सीमेवर तपस्व्यांनी राजाचा बाण थांबवलेला असतो. ‘रघुवंशा’च्या नवव्या सर्गात दशरथ, नराला पाठीशी घालून उभी राहिलेली हरिणी पाहून ओढलेले धनुष्य सैल करतो. याच सर्गात पुढे तो श्रवणकुमाराला बाण मारतो, हे विसरून चालत नाही. पशूंच्या चित्तवृत्तीचे ज्ञान राजाला मृगयेतून मिळते असे कौटिल्य म्हणतो, पण ते राजापर्यंत कोणाकडून पोचते, हा प्रश्न या वादात कोणीही उपस्थित करीत नाही.

ग्रीक वाङ्मयातील एक समांतर उदाहरण येथे उपयोगी पडते. झेनोफनच्या शिकारविषयक प्रबंधात हरणासाठी पायात अडकणारा फास कसा बनवावा, तो कोठे पुरावा, वर माती कशी पसरावी आणि माणसाचा वास कसा लागू देऊ नये, याचे बारकाईने वर्णन आहे. महाराष्ट्रातील फासेपारध्यांचे तंत्र त्याच तत्त्वावर उभे आहे. जनावराच्या स्नायूंच्या दोरीचे फास एका लांब दोराला बांधून हरणांच्या नेहमीच्या वाटेवर खुंट्यांनी रोवायचे आणि मग कळपाला हलके हलके, न बुजवता, त्या बाजूला वळवायचे. वाटेवरची घाई येथे घातक, कारण उधळलेला कळप वाट सोडतो. फासेपारध्यांतील काही जण शिकवलेल्या गाईच्या आडोशाने सावजाजवळ सरकत. त्यावरून त्यांना गायपारधी असे नाव पडले. चित्त्याच्या गाडीमागे जो विचार आहे तोच या गाईमागे आहे. अथेन्सच्या एका सरदारपुत्राने प्रबंध लिहिला म्हणून तेथील फास अभिजात वाङ्मयात गेला. पारध्याचा फास रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ मधील मध्य प्रांताच्या जातिविषयक ग्रंथात गेला.

चित्ते पुरविणारेही हेच लोक होते. पिंजऱ्यात चित्त्याची पैदास करणे जवळजवळ अशक्य होते. शिवाय बछडा धरून वाढवला तर त्याला शिकार येत नसे, कारण ती त्याची आई शिकवी. म्हणून रानातील पूर्ण वाढ झालेला चित्ताच पकडावा लागे. चित्ते ठरावीक झाडांपाशी येऊन खोडावर नखे ओढतात, हे पारध्यांना ठाऊक होते. अशा झाडाभोवती फास लावून ते चित्ता धरीत आणि पुढे काही महिन्यांत तो माणसाळवून विकत. अकबराने आपल्या हयातीत एक हजार चित्ते जमविले होते असे जहांगीर सांगतो. या आकड्यामागे अशा किती झाडांची आणि किती माणसांची माहिती असेल, याची कल्पना करता येते.

हे तंत्र स्थळ आणि सावज यांच्याशी किती घट्ट जोडलेले होते याचा एक गमतीदार पुरावा इंग्लंडमध्ये आहे. मद्रासचा गव्हर्नर जॉर्ज पिगट याने तिसऱ्या जॉर्जला भेट दिलेला चित्ता १७६४ मध्ये विंडसरच्या उद्यानात, कुंपण घातलेल्या जागेत, एका नर हरणावर सोडण्यात आला. बरोबर हिंदी चित्तेवान होते. ते हरीण पळाले नाही. त्याने शिंगे रोखून चित्त्यालाच परतवून लावले. चित्त्याची सारी कला पळणाऱ्या काळविटाला पायात अडकवून पाडण्याची. उभे राहून तोंड देणाऱ्या, फाटे फुटलेल्या शिंगांच्या भारदस्त जनावरापुढे ती निरुपयोगी ठरली. जॉर्ज स्टब्जने या निमित्ताने काढलेले चित्र मँचेस्टरच्या कलासंग्रहालयात आहे. त्यात एक चित्तेवान टोपी मागे ओढून चित्त्याला हरीण दाखवतो आहे आणि दुसरा हाताने त्या दिशेला खूण करतो आहे. पौर्वात्य वैभवाचे चित्र म्हणून ते नावाजले गेले. दोन कसबी माणसांना त्यांच्या कसबाच्या बाहेरची कामगिरी सांगितली गेल्याचा तो दस्तऐवज आहे, असेही त्याकडे पाहता येते.

आता मीर आणि ब्लेन यांच्याकडे वळता येईल. ब्लेनचे कथन तपशिलाचे आहे. प्रस्थानाचा महिना, दिशा, लष्कराची मांडणी, हत्तींची रांग, कोणते सावज कोठे उठते, ही माहिती तो इंग्लंडमधील शिकारी वाचकासाठी देतो. त्या वाचकाला सशाची आणि कोल्ह्याची शिकार परिचित आहे, त्यामुळे ब्लेनचा नवाब एखाद्या अवाढव्य जमीनदारासारखा दिसू लागतो. मीरच्या मसनवीत दिनांक नाही आणि अंतरेही नाहीत. तेथे नवाब निघाला की अरण्यच हादरते, वाघ-हत्ती जागा सोडतात, पाण्यातील जीवही सुरक्षित राहत नाहीत. ही अतिशयोक्ती फारसी कसिद्याच्या संकेतांतून आलेली आहे आणि ती तशीच वाचली पाहिजे. आश्रयदात्याची स्तुती हा तिचा उघड हेतू होता. मीरच्या ‘ज़िक्र-ए-मीर’ या आत्मवृत्तातही या प्रवासांचा उल्लेख आहे. नवाबाबरोबर बहराइचपर्यंत आणि नंतर पहाडांच्या पायथ्यापर्यंत आपण गेलो व शिकारनामे रचले, असे तो तेथे सांगतो.

परंतु मीरच्या वाचकाला येथे एक ताण जाणवल्याखेरीज राहत नाही. गझलेचा सारा भावव्यापार शिकारीच्या भाषेत चालतो : सय्याद, सैद, दाम, तीर, घायाळ. हरिणाक्षी प्रेयसी ही कल्पना संस्कृतात ‘मृगनयनी’ म्हणून आणि फारसीत ‘आहूचश्म’ म्हणून स्वतंत्रपणे आलेली आहे. मात्र फारसी-उर्दू गझलेत निवेदक नेहमी सावजाच्या बाजूचा असतो. संस्कृत नाटकातील राजा हरणामागून धावतो, तर गझलेतील कवी स्वतःच बाण खाल्लेला असतो. आयुष्यभर सावजाच्या स्वरात बोललेला हा कवी वयाच्या साठीत शिकाऱ्याच्या तळावर बसून त्याच्या विजयाची यादी करतो आहे. त्याचा शिकारनामा गझलेइतका उंचीला पोचत नाही, याचे कारण केवळ दरबारी लाचारीत शोधणे अपुरे ठरेल. त्या वाङ्मयप्रकारात सावजाला आवाज नव्हता, आणि सावजाचा आवाज काढून घेतल्यावर मीरपाशी उरते ती केवळ भाषेची सफाई. ती तेथेही आहे.

मीर आणि ब्लेन या दोघांतही एक समान मौन आढळते. दोघांच्याही वाक्यांत शिकार करणारा कर्ता नवाब आहे. कोणत्या गवतात बारशिंगा बसला आहे हे नवाबाला कोणी सांगितले, नदीचा उतार कोणी दाखवला, रात्रभर कळपाचा माग कोणी ठेवला, यांविषयी दोन्ही कथने मुकी आहेत. अवधमध्ये ही कामे बहेलिया आणि तत्सम जातींची होती. विल्यम क्रुकच्या १८९६ मधील ग्रंथात बहेलियांच्या शिकारीच्या साधनांची माहिती मिळते. ‘व्याध’ या संस्कृत शब्दाशी तो त्यांचे नाव जोडू पाहतो. राजदरबाराच्या वाङ्मयातून नाहीसे झालेले हे लोक शंभर वर्षांनी वसाहतकालीन जातिवर्णनांत प्रकट होतात, तेही वाङ्मयाचे किंवा शास्त्राचे धनी म्हणून नव्हे, तर वर्गीकरणाचा विषय म्हणून.

आसफउद्दौलानंतर अवधची मृगया आकसत गेली. सआदत अली खान (कारकीर्द १७९८–१८१४) याच्यासाठी १८०० च्या सुमारास गोमतीच्या काठी दिलकुशा कोठी उभी राहिली. गोर औसली याने तिचा आराखडा इंग्लंडमधील सीटन डेलावल हॉल या वास्तूवरून बेतला. शिकारीसाठी विसाव्याची जागा असे तिचे प्रयोजन होते आणि भोवती हरणे सोडलेले राखीव उद्यान होते. कुंपण घातलेले शिकारीचे रान ही कल्पना इंग्रज जमीनदारांची तशीच इराणची. प्राचीन इराणी भाषेत वेढलेल्या बागेसाठी असलेला शब्द ग्रीकांनी उचलला, त्यातून युरोपीय भाषांतील स्वर्गवाचक शब्द आले, आणि अरबी-फारसीत तोच ‘फिर्दौस’ झाला. लखनौत या दोन परंपरांची गाठ एका कोठीभोवती पडली. एवढे मात्र खरे की कुंपणातील हरणासाठी वाऱ्याची दिशा पाहावी लागत नाही. राज्याचा निम्म्याच्या आसपास प्रदेश १८०१ च्या तहाने कंपनीकडे गेला होता. त्या दृष्टीने पाहिल्यास दिलकुशा हे अवधच्या उरलेल्या सत्तेचे मोजमापही ठरते.

नसीरुद्दीन हैदर (कारकीर्द १८२७–१८३७) याच्या काळात शिकारीपेक्षा प्राण्यांच्या झुंजींना महत्त्व आले. अब्दुल हलीम शरर यांनी १९१३ पासून ‘दिलगुदाज’ नियतकालिकातून लिहिलेल्या ‘गुज़श्ता लखनौ’ या लेखमालेत हत्ती, गेंडे, उंट, मेंढे यांच्याबरोबर बारशिंग्यांच्या झुंजींचेही वर्णन आहे. नराचा नराशी झुंजण्याचा स्वभाव, जो पूर्वी रानात सावज धरण्याचे साधन होता, तो आता गच्चीवरून पाहण्याचा तमाशा झाला. या राजाच्या दरबाराविषयी विल्यम नाइटनने १८५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात शिकारीची वर्णने आहेत आणि शिकवलेल्या हरणांकरवी रानातील हरणे पकडण्याची रीतही आहे. अबुल फज्लने जी गोष्ट राज्यकारभाराचे कौशल्य म्हणून लिहिली, तीच अडीच शतकांनंतर राज्य करण्यास नालायक असल्याची खूण म्हणून वाचली गेली. पुस्तकाच्या प्रकाशनाला वर्षही उलटले नसेल तोच, फेब्रुवारी १८५६ मध्ये, अवध खालसा झाले. या पुस्तकामुळे ते झाले असे म्हणणे चुकीचे ठरेल, कारण निर्णयाची कारणे महसूल आणि सत्ता यांत होती. पण खालसा करण्याला इंग्रजी वाचकांची जी मनोभूमी लागली, तिच्या मशागतीत शिकारखान्याच्या या कथांचा वाटा होता.

वाजिद अली शाह कलकत्त्याजवळ मटियाबुर्ज येथे गेला. तेथे त्याने मोठा प्राणिसंग्रह उभारला आणि त्यात हरणांचे कळप होते. शरर यांचे बालपण त्या परिसरात गेले, आणि त्यांच्या लेखनातील लखनौ बऱ्याच अंशी मटियाबुर्जहून पाहिलेले लखनौ आहे, हे त्यांच्या अभ्यासकांनी ध्यानात ठेवले पाहिजे. दिलकुशा कोठी नोव्हेंबर १८५७ मध्ये कॉलिन कॅम्पबेलच्या फौजेने काबीज केली. त्याच महिन्याच्या २४ तारखेला हेन्री हॅवलॉक तेथे आमांशाने मरण पावला. आज तेथे भग्नावशेष आहेत.

१८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा सर्वप्रथम लागू झाला त्या प्रांतांत अवध होता. पुढे त्याची व्याप्ती वाढत गेली आणि पारधी त्याच्या कक्षेत आले. रान राखीव झाले, बंदुकीला परवाना आला, परवाना साहेबाला मिळाला आणि फास हा गुन्ह्याचा पुरावा ठरला. इंग्रजी शिकारवाङ्मयात याच काळात ‘खेळाडू वृत्ती’ची कल्पना दृढ झाली. फासाने मारणे नीच, गोळीने मारणे उदात्त, असा भेद तीत गृहीत होता. भारतीय संस्थानिकांनी तो भेद अर्धवटच स्वीकारला. कोल्हापूर आणि भावनगर येथे चित्त्याकरवी काळविटाची शिकार विसाव्या शतकातही चालू राहिली, आणि हिंदुस्थानातील चित्ते दुर्मिळ झाल्यावर ते आफ्रिकेतून आणविले जाऊ लागले. १९४७ मध्ये कोरिया संस्थानात तीन चित्ते मारले गेले. भारतातील रानटी चित्त्याची ती अखेरची खात्रीशीर नोंद मानली जाते. पाच वर्षांनी, १९५२ मध्ये, चित्ता देशातून नष्ट झाल्याचे जाहीर झाले. पारधी आणि इतर जमातींना गुन्हेगारीच्या शिक्क्यातून कायद्याने मोकळे करण्यात आले तेही १९५२ मध्येच. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये आला. हरणाची शिकार थांबली हे योग्यच झाले. मात्र त्या कायद्याने राजा आणि पारधी यांना एकाच रेषेवर आणले, तेव्हा एकापाशी दिवाणखान्यातील शिंगे उरली होती आणि दुसऱ्यापाशी दुसरा कोणताही धंदा उरला नव्हता.

मराठी गद्यात हे ज्ञान पुन्हा लिहिले गेले ते शिकारीची बंदूक खाली ठेवल्यानंतर. व्यंकटेश माडगूळकर तरुणपणी बंदूक घेऊन रान हिंडले होते. ‘नागझिरा’ आणि ‘सत्तांतर’ (१९८२) यांत उरले ते दबा धरून बसण्याचे आणि न्याहाळण्याचे कसब. शिकाऱ्याचे तंत्र तेथे निवेदकाचे तंत्र झाले आहे. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी वनखात्यातील नोकरीच्या काळात अरण्यात राहणाऱ्या जमातींकडून प्राण्यांच्या सवयी आणि नावे टिपून घेतली. हंसदेव या जैन ग्रंथकाराच्या ‘मृगपक्षिशास्त्रा’ची मराठी आवृत्ती सिद्ध करण्यातही त्यांचा पुढाकार होता. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘पक्षिकोशा’त संस्कृत आणि ग्रांथिक नावांच्या शेजारी आदिवासी व भटक्या जमातींनी वापरलेली नावे नोंदलेली आढळतात. तेथे दोन्ही नावांचा टाइप सारख्याच आकाराचा आहे.